मालेगावचे साथी निहाल अहमद

इयत्ता आठवीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राज्यशासनाचा धडा आहे. नागरिकशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. पण कुणी रजेवर गेले की त्यांचा तास ज्याच्या वाट्याला येईल त्याने घ्यायचा, हा शाळेचा रिवाज. मागच्या वर्षी असाच तो धडा आमच्या वाट्याला आला. विधानसभेचे २८८ सदस्य, विधानपरिषदेचे ७८, अध्यक्ष, मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ असे फळ्यावर लिहीत आम्ही विरोधी पक्षनेत्यापर्यंत आलो. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारले, "तिथे आपल्यातले कुणी कधी बसलेत का?"

आपल्यातले म्हणजे कोण, असे आम्ही विचारले. ती जरा गोंधळली आणि म्हणाली, "म्हणजे नाशिककडचे. किंवा मुसलमान."

आम्ही म्हणालो, बसलेत. दोन्ही असलेले एक गृहस्थ बसलेत. आणि फळ्यावर नाव लिहिले: निहाल अहमद मौलवी मोहम्मद उस्मान. वर्गात निदान दहा-बारा मुले अशी होती की ज्यांचे आजोळ मालेगावला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही सगळी तिकडेच असतात. त्यांतल्या एकाच मुलाने हात वर केला. "ते काली पट्टीवाले?"

हो, तेच. काळी फीत मुलांपर्यंत पोहोचली होती, खुर्ची पोहोचली नव्हती. चूक मुलांची नाही. त्यांच्या आई-बापांनाही आम्ही नंतर विचारून पाहिले. बहुतेकांना निहाल अहमद आमदार होते हे माहीत, मंत्री होते हे काहींना माहीत, विधानसभेत विरोधी पक्षनेते होते हे फार थोड्यांना माहीत. म्हणून हा लेख.

नाशिकहून मालेगावला जायचे तर मुंबई–आग्रा महामार्गाने शंभरेक किलोमीटर. ओझर, पिंपळगाव बसवंत, वडाळीभोई, चांदवड, मग घाट उतरून उमराणे, आणि पुढे मालेगाव. हा आग्रा रोड मालेगावच्या इतिहासातही आहे. १८५७ च्या बंडानंतर उत्तर हिंदुस्थानातली मोमीन विणकरांची कुटुंबे याच वाटेने दक्षिणेकडे सरकत आली आणि मोसम नदीच्या काठी थांबली. आधी हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. तिथले लोक यंत्रमागाला सांचा म्हणतात. कुणाकडे चार सांचे, कुणाकडे आठ, कुणाकडे चोवीस. चार सांचेवाला मालकही असतो आणि मजूरही असतो. दिवसपाळी स्वतः करतो, रातपाळीला भाच्याला उभे करतो. सूत व्यापारी सांगेल त्या भावाने घ्यायचे, कापड व्यापारी देईल त्या भावाने विकायचे, आणि मधल्या वेळेत वीज राहील की जाईल हे देवालाच ठाऊक. आठवड्याची सुट्टी जुम्याला.

अशा गावात समाजवादी पक्षाचे राजकारण रुजले याचे आम्हांला नवल वाटत नाही. मालेगावला चळवळीची जुनी सवयही होती. १९२१ च्या खिलाफत चळवळीत तिथे उठाव झाला आणि त्या खटल्यातल्या काही जणांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. शहीदांचे स्मारक गावात आहे. १९७२ साली याच मालेगावने काँग्रेसच्या आयेशा हकीम यांना, म्हणजे एका मुस्लिम महिलेला, विधानसभेवर पाठवले होते. आज हे सांगितले तर लोकांना खरे वाटत नाही. ते पुढे का घडले नाही, हा वेगळा आणि मोठा लेख होईल.

निहाल अहमद या समाजवादी मंडळींतले. एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे, मृणालताई गोरे यांच्या परंपरेतले. या पक्षात एकमेकांना ‘साथी’ म्हणायची पद्धत होती. कम्युनिस्टांचे कॉम्रेड, शेतकरी कामगार पक्षाचे भाई, तसे हे साथी. मालेगावात हा शब्द त्यांच्या नावाला असा चिकटला की नवख्या माणसाला साथी हे त्यांचे आडनाव वाटावे. साथी निहाल अहमद. आमच्या मामूंच्या तोंडी ते निहालभाई होते, पण भिंतींवर रंगवलेले असायचे ते साथीच.

१९७७ साली आणीबाणी उठल्यावर समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला. जनसंघही त्याच पक्षात आला. १९७८ च्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली, जनता पक्ष ९९ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि मालेगावातून निहाल अहमद निवडून आले. सरकार मात्र दोन्ही काँग्रेसनी मिळून बनवले, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. ते सरकार चार-पाच महिनेच टिकले. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले, जनता पक्षाला बरोबर घेऊन पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले आणि निहाल अहमद मंत्री झाले.

या मंत्रिमंडळाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. त्यात सदानंद वर्दे होते, भाई वैद्य होते, शेकापचे एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख होते. आणि त्यातच जनसंघातून आलेले उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणीही होते. मालेगावचा मोमीन समाजवादी आणि जनसंघाचे जुने कार्यकर्ते एका टेबलाभोवती. आज हे वाचताना चमत्कारिक वाटते. तेव्हा इंदिरा गांधींच्या आणीबाणीविरुद्ध एकत्र आलेल्यांना ते तितके वाटत नसावे. याच सरकारच्या काळात, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले ते सर्वांना माहीत आहेत. नामविस्तार व्हायला १९९४ उजाडावे लागले.

फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यावर हे सरकार बरखास्त झाले. नव्या निवडणुकीत काँग्रेसची लाट होती आणि जनता पक्षाचे तुकडे झाले होते. या लाटेतही मालेगावने निहाल अहमदना परत पाठवले. आणि मग विधानसभेत असे चित्र दिसले जे महाराष्ट्राने आधी पाहिले नव्हते: मुख्यमंत्र्यांच्या आसनावर बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, आणि समोरच्या बाकांवर निहाल अहमद. एक कोकणचा, मराठी मातृभाषेचा. दुसरा खानदेशच्या वेशीवरचा, उर्दू मातृभाषेचा. एक सरकार, दुसरा विरोध. मुसलमान एकगठ्ठा असतो असे म्हणणाऱ्यांनी हे चित्र बघायला हवे होते. आपल्यातले जे म्हणतात की मुसलमान आमदाराने मुसलमान मंत्र्याच्या विरोधात बोलू नये, त्यांनीही.

इथे शब्दांचा मास्तर असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. विरोधी पक्षाला उर्दूत ‘हिज्बे मुखालिफ’ म्हणतात आणि ‘हिज्बे इख्तिलाफ’ही म्हणतात. मुखालिफत म्हणजे विरोध. इख्तिलाफ म्हणजे मतभेद. मुखालिफ समोर उभा असतो, इख्तिलाफ असलेला शेजारी बसूनही असू शकतो. आमच्या आलिमांमध्ये शतकानुशतके इख्तिलाफ चालत आला आणि एकाच्या मागे दुसऱ्याची नमाजही चालत आली. विधानसभेच्या विरोधी बाकांसाठी आम्हांला दुसरा शब्द जास्त पसंत आहे. मराठीत त्या दोन्हींना ‘विरोध’ हा एकच शब्द पुरवावा लागतो, मुलांना समजावताना तो जरा कमी पडतो.

१९८५ च्या निवडणुकीत काँग्रेसला १६१ जागा मिळाल्या. शरद पवारांच्या समाजवादी काँग्रेसला ५४, जनता पक्षाला २०. विरोधी पक्षनेते पवार होते. डिसेंबर १९८६ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत पवार आपला पक्ष घेऊन काँग्रेसमध्ये परतले. विरोधी बाकांवरचा सर्वांत मोठा गट एका दिवसात उठून समोर गेला. मागे राहिलेल्यांत जनता पक्ष मोठा होता, आणि त्या पक्षाने या पदासाठी नाव दिले ते मालेगावच्या आमदाराचे. १९८६ च्या अखेरीपासून १९८७ च्या अखेरीपर्यंत निहाल अहमद महाराष्ट्र विधानसभेचे विरोधी पक्षनेते होते. मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. त्यानंतर ही खुर्ची शेकापचे दत्ता पाटील यांच्याकडे गेली, मग मृणालताई गोरे यांच्याकडे, मग पुन्हा दत्ता पाटलांकडे. छोट्या पक्षांनी ती वर्षा-वर्षाने वाटून घेतली असे म्हणायला हरकत नाही.

एकच वर्ष, असे कुणी म्हणेल. पण हे पद म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. १९७८ च्या कायद्याने विरोधी पक्षनेत्याला वेतन, भत्ते, कार्यालय मिळते आणि मानमरातब कॅबिनेट मंत्र्याचा असतो. सभागृहात तो बोलायला उभा राहिला की अध्यक्ष त्याला सहसा थांबवत नाहीत. अर्थसंकल्पावर, राज्यपालांच्या भाषणावर, अंतिम आठवड्याच्या प्रस्तावावर विरोधकांचे म्हणणे तो मांडतो. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापानाला बोलावतात, तेव्हा निमंत्रण त्याला असते आणि बहुधा बहिष्कारही तोच जाहीर करतो. (चहा शेवटी कोण पितो, हे आम्हांला आजवर कळलेले नाही.) दुष्काळ विदर्भात पडो की कोकणात वादळ येवो, सरकारला विचारण्याचा पहिला हक्क त्याचा. म्हणजे वर्षभर, मालेगावच्या मोमीनपुऱ्यांतून निवडून आलेला हा माणूस एकट्या मालेगावचा राहिला नव्हता, एकट्या मुसलमानांचाही राहिला नव्हता. सरकारबाहेरच्या साऱ्या महाराष्ट्राचा तो आवाज होता. महाराष्ट्र विधानसभेत त्यांच्या आधी या खुर्चीवर मुसलमान बसला नव्हता, आणि नंतरही बसलेला नाही.

आणि त्यांना ती खुर्ची मुसलमान म्हणून मिळाली नाही, याचे मोल आम्हांला जास्त वाटते. अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व द्यायचे म्हणून एखादे महामंडळ, एखादे राज्यमंत्रिपद दिले जाते, तसे ते नव्हते. पक्षात त्यांची ज्येष्ठता होती, सभागृहाचा अनुभव होता, आणि पक्षाची पाळी आली होती. एवढेच साधे कारण. साधी कारणे हल्ली दुर्मीळ झाली आहेत.

सभागृहाच्या भाषेबद्दलही मुलांनी विचारले होते. तिथे उर्दूत बोलता येते का? राज्यघटनेच्या २१० व्या अनुच्छेदानुसार विधिमंडळाचे कामकाज राज्याच्या राजभाषेत किंवा हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. ज्याला यांपैकी कोणतीच भाषा नीट येत नसेल त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. म्हणजे परवानगी मिळेल. पण कामकाजाची पत्रिका मराठीत, विधेयके मराठीत, मंत्र्यांची उत्तरे मराठीत. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीचा तास जड जातो तेव्हा आम्ही त्यांना नोकरीचे आमिष दाखवत नाही, ही पत्रिका सांगतो.

१९९० मध्ये जनता दलाचे २४ आमदार निवडून आले. निहाल अहमद त्यांत होते. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर त्यांनी दंडावर काळी फीत बांधली आणि ती काढली नाही. १९९२ पासून २०१६ पर्यंत, तेवीस वर्षांहून अधिक. विधानसभेत फीत, सभेत फीत, महापालिकेत फीत. १९९५ साली शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, त्या निवडणुकीतही मालेगावने त्यांनाच निवडले, आणि मग सरकारच्या समोरच्या बाकांवर ही फीत चार वर्षे बसलेली होती. १९७८ च्या मंत्रिमंडळात जनसंघीयांबरोबर बसलेला हाच तो माणूस, हे लक्षात ठेवून त्या फितीकडे पाहावे लागते. ज्या मंडळींबरोबर एकदा सरकार चालवले, त्यांच्याच पक्षाच्या आंदोलनानंतर ही फीत बांधावी लागली.

निषेधाचे हे समाजवादी वळण होते: ना दगड, ना आरोळी, बाहीवर बोटभर कापड. मालेगावसारख्या गावात, जिथे अफवा सांच्यापेक्षा वेगाने चालते, तिथे एका नेत्याने आपला राग इतक्या मुकाट रीतीने अंगावर वागवावा, याला आम्ही कमी मानत नाही. तरीही एक शंका आम्हांला नेहमी वाटते. ही फीत इतकी लक्षात राहिली की तिच्यामागचा बाकीचा माणूस झाकला गेला. चाळीस वर्षांचे सार्वजनिक जीवन आणि लोकांना आठवते एक कापड. मंत्री, विरोधी पक्षनेता, पाच निवडणुका सलग जिंकणारा आमदार हे सगळे वजा होऊन उरला तो बाबरीचा शोक करणारा वृद्ध. आपण आपल्या माणसांना त्यांच्या दुःखावरूनच ओळखायचे ठरवले आहे की काय?

आम्ही त्यांना पाहिले ते एकदाच, १९९९ च्या सप्टेंबरात. तेव्हा आम्ही शिकत होतो आणि मालेगावला मामूंकडे गेलो होतो. मोहल्ल्यात निवडणुकीची सभा होती. मामूंनी जेवण उरकून चप्पल पायात घातली आणि म्हणाले, चल, दिखाते. रस्त्याच्या मधोमध स्टेज, दोन्ही बाजूंना सांच्यांची खटखट चालूच. सभेसाठी सांचे बंद ठेवायची ऐपत कुणाची नव्हती. स्टेजवर ते बसले होते, आणि दिव्याच्या उजेडात बाहीवरची फीत लांबून दिसत होती. भाषण काय झाले ते आता आठवत नाही. खटखट मात्र आठवते. परत येताना मामू एकच म्हणाले की या वेळी हवा दुसरी आहे. मत कुणाला दिले ते त्यांनी आम्हांला सांगितले नाही.

हवा खरोखरच दुसरी होती. १९९५ मध्ये जनता दलाचे अकरा आमदार आले होते. १९९९ पर्यंत दल फुटले, आणि निहाल अहमद ज्या धर्मनिरपेक्ष जनता दलात राहिले त्याचे राज्यात दोनच आमदार निवडून आले. मालेगावात काँग्रेसचे शेख रशीद जिंकले. १९७८ पासूनची एकवीस वर्षे संपली.

एकवीस वर्षे हा थोडा काळ नव्हे, आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्यांचा मुद्दाही टाकून देण्यासारखा नाही. इतकी वर्षे एकच आमदार, मग मालेगावचे रस्ते, गटारे, दवाखाने, मुलींची कॉलेजे अशी का राहिली? याला एक उत्तर असे की यांतली बहुतेक वर्षे ते विरोधी बाकांवर होते आणि सरकारी तिजोरीची किल्ली समोरच्यांकडे होती. उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. विरोधी आमदारही आपल्या गावासाठी पुष्कळ काही खेचून आणतात. गणपतराव देशमुखांचे सांगोले याला साक्ष आहे. दुसरा मुद्दा पक्षाचा. जनता, मग जनता दल, मग धर्मनिरपेक्ष जनता दल: पाट्या बदलत गेल्या, माणसे गळत गेली, आणि हे तिथेच राहिले. याला निष्ठा म्हणायची की हट्ट? आमच्या मते दोन्ही. पवारांबरोबर मंत्रिमंडळात बसलेल्या माणसाला काँग्रेसची वा पुढे राष्ट्रवादीची दारे उघडणे अवघड नव्हते. ते गेले नाहीत. त्याचा मालेगावला फायदा झाला की तोटा, हे मालेगावकरांनी सांगावे.

ऑक्टोबर २००१ मध्ये मालेगावात जुम्याच्या नमाजनंतर पत्रके वाटण्यावरून ठिणगी पडली, दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली. त्यानंतर दोनच महिन्यांत, डिसेंबर २००१ ला, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिचे पहिले महापौर झाले निहाल अहमद. वय पंचाहत्तरीच्या आसपास. जो माणूस मंत्री होता, विरोधी पक्षनेता होता, तो नळ, दिवाबत्ती आणि कचऱ्याच्या गाड्यांच्या सभेत येऊन बसला. मोठ्या पदावरून खाली उतरलेली माणसे साधारणपणे घरी बसतात, आत्मचरित्र लिहितात किंवा राज्यसभेची वाट पाहतात. नगरसेवकांच्या गोंगाटात परत जायला निराळी तब्येत लागते.

त्यानंतरचे मालेगाव सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरातचा जुमा, बडा कब्रस्तानचे स्फोट. २९ सप्टेंबर २००८, भिक्कू चौक. २००६ च्या स्फोटांत बळीही मालेगावचे मुसलमान आणि आधी पकडले गेलेही मुसलमानच. त्या तरुणांना विशेष न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. निहाल अहमद ते पाहायला नव्हते. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी, नव्वदीच्या घरात, आमच्या याच नाशिकमधल्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

मालेगावचे राजकारण आता दुसऱ्या वळणावर आहे. शहराचा मतदारसंघ मालेगाव मध्य झाला. नाशिक जिल्ह्यातल्या पंधरा जागांपैकी मुस्लिम आमदार निवडून देणारी ही एकच जागा. २०२४ ला तिथे एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल अवघ्या १६२ मतांनी निवडून आले. त्यांच्या विरोधात शेख रशीद यांचे चिरंजीव आसिफ शेख होते, आणि निहाल अहमद यांची लेक शान-ए-हिंद याही समाजवादी पक्षातर्फे मैदानात होत्या. सारे घराघरांतले ओळखीचे. राज्यभरातून त्या वेळी दहा मुस्लिम आमदार निवडून आले. ही संख्या घेऊन चर्चा पुष्कळ होते, लेख पुष्कळ येतात. किती आले हे मोजायला सोपे आहे. तिथे जाऊन ते कुठल्या बाकावर, कुणाच्या बरोबर, कुणासाठी बोलले, हे मोजायला कामकाजाचे खंड काढून बसावे लागते.

आणखी एक आकडा आमच्या डोक्यातून जात नाही. १९८५ ला जनता पक्षाचे निवडून आलेले आमदार २०. त्या बळावर पुढच्या वर्षी निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले. २०२४ च्या निवडणुकीत विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे, आमदार आले तेही २०. मात्र या वेळी दहा टक्के सदस्यसंख्येचा दाखला पुढे आला; २८८ चे दहा टक्के म्हणजे २९, आणि तेवढे कुणाकडेच नव्हते. २०२५ ची सगळी अधिवेशने विधानसभेने विरोधी पक्षनेत्यावाचून पार पाडली. वीस तेव्हा पुरले, वीस आता पुरले नाहीत. १९७८ च्या कायद्यात संख्याबळाने मोठा असलेला विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढेच आहे, टक्केवारी नाही, असे विरोधकांचे म्हणणे आहे. निर्णय अध्यक्षांच्या हाती.

त्या दिवशी आम्ही मुलांना गृहपाठ दिला की घरी जाऊन आपल्या आमदाराचे नाव आणि जमल्यास निहाल अहमद यांच्याबद्दल काही विचारून या. दुसऱ्या दिवशी तास ज्यांचा होता ते शिक्षक परत आले होते, तरी मधल्या सुट्टीत ती मुलगी वही घेऊन आलीच. तिने मालेगावला नानांना फोन लावला होता. नाना अर्धा तास बोलले म्हणे. फीत, सभा, मिनिस्टर झाले तेव्हाची मिरवणूक. विरोधी पक्षनेत्याचे त्यांनाही आठवत नव्हते. नातीनेच ते त्यांना सांगितले. वहीत तिने नाव उजवीकडून उर्दूत आणि खाली डावीकडून मराठीत लिहिले होते. मराठीत ‘नीहाल’ असे दीर्घ लिहिले होते, ते आम्ही लाल शाईने ऱ्हस्व करून दिले.

मग तिने विचारले, "आणि आता तिथे कोण आहे?"

आम्ही म्हणालो, सध्या कुणी नाही. का नाही, ते सांगायला सुरुवात केली, तोच घंटा झाली. आम्ही तिला म्हणालो, तुमच्या सरांना विचार, आणि त्यांनी काय सांगितले ते आम्हांलाही येऊन सांग.